स्वेटर: तुकडे शिवायचे की गोल विणायचं?

आईची पद्धत तुकड्यांची: पाठ, पुढचे भाग, बाह्या वेगवेगळ्या विणायच्या, मग शिवायचं. हिशेब सोपा, मांडीवर ओझं नाही. पण शिवायचा मला भारी कंटाळा! भाच्याच्या स्वेटरचे तुकडे डब्यातच पडून राहिले; जोडले तेव्हा बाही त्याच्या कोपरापर्यंतच आली.

सर्क्युलर सुईवर (लवचीक तारेने जोडलेल्या दोन टोकांची सुई) गळ्यापासून खाली विणलं की शिवण जवळजवळ नाहीच. सगळ्या फेऱ्या सुलट, मध्येच अंगाला लावून लांबीही ठरवता येते. फक्त पहिली फेरी जोडताना टाके पिळले तर सगळं उसवा. माझे ९६ टाके दोनदा उसवले.

लहान मुलांसाठी मी आता गोलच विणते. जाड लोकरीच्या कार्डिगनला मात्र खांद्याची शिवण हवीच, नाहीतर वजनाने ते ओघळतं.