पोलसाठी स्ट्रेचिंग: लांब होल्ड घ्यायचे की अ‍ॅक्टिव्ह ड्रिल करायचे?

पोल, म्हणजे स्टीलच्या उभ्या खांबावरचा डान्स-व्यायाम, चालू केलाय, आता लवचिकता वाढवायचीय, आणि कुणाला विचारलं तर दोन वाटा सांगतात. एक योगाच्या क्लासची, म्हणजे बोल्स्टर (जाड लोड), योगाच्या विटा, पट्टा घ्यायचा आणि एकेका पोझिशनमध्ये दोन-तीन मिनिटं अंग सोडून पडून राहायचं. दुसरी अ‍ॅक्टिव्हवाली, म्हणजे हात न लावता पाय उचलायचा, वर धरायचा, थरथरला तरी धरायचा. मी दोन्ही केलंय आणि दोन्हीने पाय उघडतो, त्यात वाद नाही. स्प्लिट म्हणजे एक पाय पुढे आणि एक मागे सरळ पसरलेला, स्ट्रॅडल म्हणजे दोन्ही पाय बाजूंना फाकवलेले.

आधी लांब होल्डबद्दल, कारण हल्ली इन्स्टावर त्याला उगाच नावं ठेवतात. दमून घरी आल्यावर जे खरंच होतं ते हेच. पाठीवर पडून पट्टा लावून सुप्त पादांगुष्ठासन, नाहीतर भिंतीला पाय टेकवून उपविष्ट कोणासन, शेजारी टीव्ही चालू. फरकही लवकर दिसतो. अभ्यासक म्हणतात की सुरुवातीच्या आठवड्यांत स्नायू काही लांब होत नाही, ताण सहन करायची आपली तयारी वाढते, पण फोटोत स्प्लिट खाली गेलेला दिसतो ना, मग काय. जेडसारख्या, पोलवर स्प्लिट उघडायच्या ट्रिकला याचा थेट उपयोग होतो, कारण तिथे पाय ओढायला एक हात मोकळा मिळतो.

अडतं ते चॉपर आणि आयेशा या उलटं लटकायच्या ट्रिकमध्ये. दोन्ही हात पोलला अडकलेले, डोकं खाली, आणि पाय उघडायचे ते त्यांनी स्वतःच. जमिनीवर मस्त स्ट्रॅडल येणारी माणसं तिथे गुडघे वाकवून लटकताना बघितलीयत, मीही त्यातलाच. शिवाय एकाच स्नायूला साठ सेकंदांच्या वर ताणून लगेच जोर लावला तर ताकद थोडी कमी भरते, हे अभ्यासांत बऱ्याचदा दिसलंय. जांघा लांब ताणून लगेच पोल सिट (मांड्यांनी पोल धरून बसायचं ते) घेतलं की मला तरी मांड्यांची पकड ढिली वाटते. तुम्हाला नसेलही वाटत.

पण हे सगळं चालवून घेतलं असतं हो. माझं डोकं फिरलं ते थंडीने. नाशिकची थंडी वेगळी सांगायला नको, निफाडचा पारा किती उतरला याची दरवर्षी बातमी होते आणि शहरातही दहाच्या खाली जातं. आमची बॅच सकाळची, पोल कमी, माणसं जास्त, एका पोलवर तिघं-चौघं. आता मल्लखांबाला एरंडेल लावतात, आमचं उलटं, स्टीलवर कोरडी उघडी कातडीच पकड देते, त्यामुळे शॉर्ट्स घालूनच चढावं लागतं. अंग उललं तरी लोशन लावायचं नाही, आणि दिवाळीत अभ्यंगस्नान झालं की पुढच्या दिवशीचा क्लास गेलाच समजा. तर मी आधी लवकर जाऊन वॉर्मअप करायचो, सगळे होल्ड नीट घ्यायचो, स्प्लिट जमिनीला टेकायचा, आणि मग नंबर येईपर्यंत उघड्या पायांनी उभा. पुढची बाई एकच ट्रिक तिसऱ्यांदा करतेय, तिची मैत्रीण व्हिडिओ काढतेय, तो हलला म्हणून परत काढतेय, आणि इकडे बाजरीची भाकरी गार झाल्यावर होते तसे माझे पाय कडक. पोलवर गेलो की मघाचा स्प्लिट गायब. लेग वॉर्मर घालून बघितले, उड्या मारून बघितल्या, दोन ट्रिकपुरतं चालतं. रोज एवढी तयारी करायची आणि ती रांगेत उभं राहून घालवायची, याचा मला इतका वैताग आला की त्याच हिवाळ्यात अ‍ॅक्टिव्हकडे वळलो.

अ‍ॅक्टिव्ह काही गोड प्रकरण नाही, आधीच सांगतो. जमिनीवर पाय फाकवून ताठ बसा, हात पुढे गुडघ्यांच्या रेषेत टेकवा, आणि गुडघा न वाकवता एक टाच चार बोटं उचला. बस, एवढंच. मांडीच्या वरच्या टोकाला असा गोळा येतो की शिव्या आठवतात. हात जितके पुढे तितकं अवघड, म्हणून सुरुवातीला मांडीजवळ ठेवा आणि मागे कलंडू नका. दुसरं म्हणजे फ्रंट स्प्लिटला सगळे पुढच्या पायाची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागची शीर, ताणत बसतात, पण बऱ्याच जणांचा अडतो तो मागच्या पायाचा हिप फ्लेक्सर, म्हणजे मांडी वर उचलणारा जांघेपुढचा स्नायू. लंजमध्ये, म्हणजे एक पाय पुढे वाकवून दुसरा मागे नेऊन, मागचा गुडघा खाली टेकवून, माकडहाड आत घेऊन, नितंब आवळून पुढे सरका, तेव्हा कळतं कुठे घट्ट आहे ते. प्रगती गोगलगायीची, फोटो काढण्यासारखं काहीच नाही. पण जेवढी रेंज मिळते तेवढी रांगेत उभं राहूनही बरीचशी टिकते, निदान माझी टिकली. थंड पायांनीही चॉपर उघडतो, जरा कमी पण उघडतो.

लहानपणी मल्लखांब केलेल्यांना हे नवीन वाटणार नाही. तिथेही वॉर्मअपला कुणी पडून राहत नाही, दंड-बैठका, पाय झोकायचे आणि चला खांबावर. मल्लखांबाचे आद्यगुरू मानले जाणारे बाळंभटदादा देवधर, त्यांना सप्तशृंगीच्या गडावर ही विद्या मिळाली अशी गोष्ट आपल्याकडे सांगतातच, खरी-खोटी देवीला माहीत, पण गडावरही थंडीच असणार.

मधली वाट म्हणजे पीएनएफ. अमेरिकेत 1940 च्या दशकात पोलिओ वगैरेच्या पेशंटसाठी ही पद्धत निघाली, आता सगळे खेळाडू वापरतात. ताणलेल्या पायाने पाच-दहा सेकंद उलटा जोर लावायचा, सोडायचं, अजून थोडं पुढे जायचं. लांब होल्ड अगदीच सोडवत नसेल तर शेवटी हे जोडा, माझ्या मते तरी नुसत्या पडून राहण्यापेक्षा बरं.

कुणी काय घ्यावं? तुमच्या घरीच पोल असेल, नंबरची भानगड नसेल, आणि जेड, बॅलरिनासारख्या हाताने पाय ओढायच्या ट्रिकचीच आवड असेल, तर लांब होल्डने छान चालेल, उगाच माझं ऐकून गोळे आणू नका. अंग मुळातच फार सैल असेल, कोपर-गुडघे उलटे वळत असतील, तर मात्र अ‍ॅक्टिव्हच घ्या, तुम्हाला रेंज नाही, ताबा हवाय. आणि बसल्यावर बुडाच्या हाडापाशी टोचत असेल तर दोन्ही बंद करून फिजिओकडे जा. तिथे हॅमस्ट्रिंग हाडाला जोडलेली असते, ती दुखावली तर महिनोन्‌महिने स्कूटरवरसुद्धा बसवत नाही.

मी स्वतः आठवड्यातले बहुतेक दिवस अ‍ॅक्टिव्ह करतो, क्लासच्या आधी तर तेवढंच. बोल्स्टर निघतो तो एप्रिल-मेमध्ये, कारण तेव्हा तळहाताला एवढा घाम असतो की खडू लावूनही स्टील धरवत नाही, मग संध्याकाळी गच्चीवर सतरंजी टाकून निवांत होल्ड घेतो.