नाशकात दातांसाठी कुठे जावं: डेंटल कॉलेज, कॉलनीतला दवाखाना की चेन क्लिनिक?

एकाच वर्षात आमच्या घरी तीन गोष्टी झाल्या. आईचे खालचे उरलेसुरले दात काढावे लागले आणि कवळीची वेळ आली. ब्रश करताना माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आणि सहा वर्षांच्या लेकीच्या तोंडात, दुधाच्या दातांच्या मागे, एक नवी दाढ डोकावली. त्या निमित्ताने मी कॉलेजच्या ओपीडीत बसले, कॉलनीतल्या डॉक्टरांकडे गेले आणि मोठ्या काचेच्या चेन क्लिनिकमध्येही जाऊन आले. कुणी विचारलं की "चांगला डेंटिस्ट सांग ना", तर आता मी आधी उलट विचारते, काम कोणतं आहे आणि तुमच्याकडे वेळ किती आहे? कारण यातलं कुठलंच ठिकाण सगळ्या कामांना सरस नाही.

डेंटल कॉलेज

पंचवटीत मुंबई-आग्रा महामार्गालगत महात्मा गांधी विद्यामंदिर संस्थेचं कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. आपल्या शहराला दंतवैद्यकाचं नवल नाही. राज्यभरातल्या डेंटल कॉलेजांच्या परीक्षा घेणारं, 1998 मध्ये स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळलाच आहे. तरीही शहरातली कितीतरी माणसं कॉलेजात पाऊल ठेवत नाहीत, "तिथे पोरं शिकतात, आपल्या दातांवर प्रयोग करतील" या भीतीने.

ही भीती समजून घेण्यासारखी आहे, पण काम कसं चालतं ते पाहिलं की बरीच कमी होते. कुठल्याही डेंटल कॉलेजात आधी केस पेपर निघतो, मग ओरल मेडिसिन विभागात (तोंडाच्या आजारांचं निदान करणारा विभाग) तपासणी होते आणि तिथून ज्याचं काम त्या विभागात पाठवतात. बीडीएस ही दातांच्या डॉक्टरांची पदवी, म्हणजे 4 वर्षं शिक्षण आणि 1 वर्ष इंटर्नशिप. पेशंटवर काम तिसऱ्या-चौथ्या वर्षातली मुलं आणि इंटर्न करतात, आणि प्रत्येक टप्पा शिक्षकांना दाखवल्याशिवाय पुढे सरकत नाही. अवघड काम असेल तर ते एमडीएसच्या विद्यार्थ्यांकडे जातं. ते आधीच डॉक्टर असतात आणि त्या एकाच विषयाचं आणखी 3 वर्षं शिकत असतात. दाढेची मुळं वाकडी आहेत, जुनं रूट कॅनॉल (दाताच्या मुळातली खराब नस काढून आत केलेली भरणी) बिघडलंय, अशा वेळी "पीजीकडे, म्हणजे एमडीएसवाल्यांकडे, द्याल का?" असं सरळ विचारावं. त्यात संकोच कसला?

आईची कवळी मी तिथेच करून घेतली. पूर्ण कवळीला साधारण पाच खेपा लागतात: पहिलं माप, मग पक्कं माप, मग वरचा-खालचा जबडा कसा मिटतो त्याची नोंद, मग मेणात बसवलेल्या दातांची ट्रायल, आणि शेवटी कवळी हातात. खालच्या कवळीचं माप सरांनी बघितलं आणि विद्यार्थिनीला पुन्हा घ्यायला लावलं. त्यापायी आमचा अख्खा दिवस गेला, पण आज आई त्या कवळीने भाकरी खाते. खालची कवळी जिभेमुळे नेहमी सैल वाटते, तिचं सगळं यश मापावर असतं. घाई नसलेल्या ठिकाणी ते माप नीट निघालं, असं मला वाटतं.

तोटा वेळेचा. ओपीडी दिवसा चालते, शिकवणं आणि उपचार एकत्र असल्यामुळे दवाखान्यात अर्ध्या तासात होणाऱ्या कामाला इथे दोन तास धरावेत, आणि परीक्षेच्या दिवसांत तारखा पुढे जाऊ शकतात. ज्याची नोकरी दहा ते सहा आहे त्याला हे जड जातं. पण अंबड-सातपूरला सेकंड शिफ्ट करणाऱ्याची सकाळ मोकळी असते आणि पंचवटीच्या बाजार समितीत माल घेऊन येणारा माणूस तसाही त्या बाजूला येतोच. त्यांच्यासाठी फीमधला फरक फार मोठा ठरतो. दहा दातांचं काम निघालं असेल तर कॉलेजला पर्यायच नाही, असं मी म्हणेन.

आणखी एका गोष्टीसाठी मी कॉलेजच सुचवते. आपल्याकडे कितीतरी बायका अजून मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, दात घासायची पूड नव्हे. राज्यात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी आणि तंबाखू घराघरांत आहेतच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तिखट सोसत नसेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर दात साफ करून घ्यायची वाट न बघता ओरल मेडिसिनमध्ये दाखवा. सुपारीमुळे गालाची आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. तो आजार उलट फिरत नाही, पण सुपारी सोडली तर वाढ रोखता येते. माझ्या मावशीला मी हात धरून नेलं होतं. तिचा चट्टा साधा निघाला, पण मशेरीचा डबा त्या दिवशी कचऱ्यात गेला.

त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्येही दात काढणं, सूज, ठणका यांसाठी जाता येतं. पैशांची अडचण असेल तर तिथे जायला लाजू नये. नियमित देखभालीचं ठिकाण म्हणून मात्र मी त्याचा विचार करणार नाही, तिथल्या डॉक्टरांवर आधीच दुखणाऱ्यांचा भार असतो.

कॉलनीतला दवाखाना

नियमित देखभालीचा प्रश्न आला की माझं मत इथे झुकतं, आणि त्याचं कारण मशिनरी नाही. दुखत नसताना माणूस कुठे जाईल? जिथे संध्याकाळी सातला, भाजी घेऊन येताना जाता येतं तिथेच. शिवाय एकच डॉक्टर दर वेळी तेच तोंड बघतात. मागच्या वर्षी हिरडी किती खाली होती, कोणत्या दाढेवर बारीक डाग होता, हे त्यांच्याकडच्या एक्स-रेत आणि आठवणीत राहतं. कीड वाढली की आहे तशीच आहे, हे कळायला जुनी नोंद लागते, नव्या मशिनने ते कळत नाही.

माझ्या हिरड्यांचंच सांगते. रक्त येतं म्हणून मी त्या जागी ब्रश लावायचंच सोडलं होतं. डॉक्टरांनी आरसा हातात देऊन दाखवलं, खालच्या पुढच्या दातांच्या आतून किटण जमलं होतं. दातावरचा मऊ थर वेळेवर निघाला नाही तर काही दिवसांत लाळेतल्या क्षारांनी घट्ट होतो, आणि एकदा घट्ट झाला की ब्रशने निघत नाही. हिरडी फक्त सुजलेली असेल तोवर सगळं पूर्ववत होतं. खालचं हाड झिजायला लागलं की ते परत येत नाही. मधुमेह असेल तर हे वेगाने होतं, आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. म्हणून घरातल्या डायबेटिसच्या माणसाला तरी दुखण्याची वाट बघू देऊ नका.

"साफ केले की दात हलायला लागतात" हे मी लहानपणापासून ऐकत आले. खरं उलटं आहे. किटणामुळे हाड आधीच गेलेलं असतं आणि किटणाचाच दातांना टेकू झालेला असतो. तो निघाला की दात सैल आहेत हे कळतं. मशिनची टोकं कंपनाने किटण फोडतात, दात घासून पातळ करत नाहीत. दोन-चार दिवस गारठा झोंबतो, तो जातो. आणि साफ करणं म्हणजे दात पांढरे करणं नव्हे, ती दोन वेगळी कामं आहेत आणि दुसऱ्याची दातांच्या आरोग्याला गरज नसते.

कॉलनीतल्या दवाखान्यातही बघून घ्यायच्या गोष्टी आहेत. अवजारं सीलबंद पाकिटातून, ऑटोक्लेव्ह झालेली (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेली) निघतात का, भुलीची सुई तुमच्यासमोर नवी फोडतात का, आणि बोलताना एक्स-रे स्क्रीनवर दाखवतात का. एकट्या डॉक्टरांकडे प्रत्येक विषय येईलच असं नाही. चांगला डॉक्टर अक्कलदाढेसाठी किंवा तारा लावण्यासाठी तज्ज्ञाला बोलावतो किंवा दुसरीकडे पाठवतो. "हे माझं काम नाही" म्हणणाऱ्या डॉक्टरवर माझा विश्वास वाढतो.

चेन क्लिनिक

गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगरच्या बाजूला असे चकाचक दवाखाने दिसतात. रविवारी उघडे, दरपत्रक छापील, हप्त्यांची सोय, सगळे तज्ज्ञ एका छताखाली. पारदर्शक तारा किंवा इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात) करायचं ठरलेलंच असेल तर ही सोय खरी आहे. पण डॉक्टर बदलत राहतात आणि दर वेळी तोंडाची कहाणी नव्याने सांगावी लागते.

एका अशाच ठिकाणी, नाव घेत नाही, मी मोफत तपासणीला गेले आणि सात दात भरायचे, असा कागद हातात आला. मी तो घेऊन कॉलनीतल्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे काढल्यावर भरायला हवेत असे दोनच निघाले. बाकीचे पाच डाग वरच्या कवचातच होते, आणि अशी कीड फ्लोराइडने आणि गोड खाणं कमी केल्याने तिथेच थांबू शकते. ते डाग आज तीन वर्षांनीही तेवढेच आहेत. ड्रिल लागलेला दात मात्र पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, ते फिलिंग कधी ना कधी बदलावं लागतं. म्हणून कुठेही मोठी यादी मिळाली की एवढंच विचारा, "यातली कीड आतल्या थरापर्यंत कुठे गेलीय ते एक्स-रेवर दाखवा." दाखवता येत नसेल तर दुसरं मत घ्या.

रूट कॅनॉल की दाढ काढायची?

ठिकाण निवडून झालं की हा प्रश्न येतो, आणि पैशांमुळे फार जण दाढ काढायचं ठरवतात. काढणं त्या दिवशी स्वस्त पडतं. पण मोकळ्या जागेकडे शेजारच्या दाढा झुकतात, समोरची खाली किंवा वर सरकते. मग ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) करायचा तर दोन्ही बाजूंचे धडधाकट दात घासावे लागतात, इम्प्लांट करायचं तर काही महिने आणि बरेच पैसे. दाढेचं मूळ आणि हाड शाबूत असेल तर रूट कॅनॉल करून दाढ वाचवावी. अक्कलदाढ, उभी चिरलेली दाढ किंवा हाड गेल्याने हलणारी दाढ असेल तर काढण्यात शहाणपण आहे.

रूट कॅनॉल झालं आणि कॅप राहिली, असं मात्र करू नका. आतून पोकळ झालेली दाढ सुपारीच्या एका खांडानेही चिरते. कॅप कोणती? मागच्या दाढेला धातूची कॅप चालते, दिसत नाही, दात कमी घासावा लागतो, स्वस्त पडते. पुढे, हसताना दिसणाऱ्या जागी सिरॅमिक किंवा झिरकोनिया. धातूवर सिरॅमिक चढवलेल्या कॅपचा वरचा थर कधी कधी टवका निघून उडतो, झिरकोनिया मजबूत पण महाग. वॉरंटी कार्डावरची वर्षं बघून मी कधीच निवडणार नाही. कॅप हिरडीला नीट बसली का, दोऱ्याने तिच्या कडेची सफाई होते का, याला जास्त महत्त्व आहे.

मुलांच्या बाबतीत

सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी ती मागची दाढ कायमची असते. ती कुठल्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही, मागे नवी उगवते, म्हणून आईवडिलांना ती दुधाचीच वाटते आणि "पडेलच" म्हणून कीड चालवून घेतली जाते. लेकीची दाढ पूर्ण वर आल्यावर डॉक्टरांनी तिच्या खाचांत सीलंट, म्हणजे कीड अडवणारा पातळ थर, भरलं, सुई नाही की ड्रिल नाही, दहा मिनिटांचं काम. मुलांसाठी मी घराजवळचाच दवाखाना निवडेन, कारण दुखत नसताना दोन-तीनदा नुसतं खुर्चीत बसून आलेलं मूल पुढे घाबरत नाही.

टूथपेस्टचं म्हणाल तर ट्यूबवर फ्लोराइडचा आकडा बघा. आपल्याकडे कमाल 1000 पीपीएमची मर्यादा आहे. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. रात्री घासल्यावर थुंकायचं, भरपूर चूळ भरून पेस्ट धुऊन टाकायची नाही. हे मला चाळिशीत कळलं.

तपासणी किती महिन्यांनी? सरसकट सहा हा आकडा तोंडात बसलाय, पण इंग्लंडची सरकारी मार्गदर्शक सूचना मोठ्यांसाठी 3 ते 24 महिने असा पल्ला देते, आणि अठराखालच्यांसाठी जास्तीत जास्त 12 महिने. धोका जास्त तसं अंतर कमी. मधुमेह, तंबाखू किंवा हिरड्यांचा आजार असेल तर तीन-चार महिने, दोन वर्षांत नवी कीड नसेल तर वर्षभराने गेलं तरी चालतं. तुमचं अंतर किती, हे डॉक्टरांकडून कारणासकट सांगून घ्या. साध्या मेडिक्लेममध्ये हा खर्च सहसा बसत नाही, ओपीडीचं कलम वेगळं घेतलंय का ते पॉलिसीत बघा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर दात काढायच्या आधी त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्या गोळ्या देणारे आणि दातांचे, अशा दोन्ही डॉक्टरांना विचारा.

आमच्या घरी सध्या असं आहे: आई आणि मावशी कॉलेजात, वर्षातून एकदा, एकाच दिवशी. मी दर चार महिन्यांनी आणि लेक दर सहा महिन्यांनी, कॉलनीतल्या डॉक्टरांकडे, शनिवारी संध्याकाळी.