आयसीयूतली सिस्टर की ओटीतला भूल टेक्निशियन?

बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात भाचीनं मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावातला लहान दवाखाना. एक नर्स एकटीच पेशंटला भूल देतेय आणि सर्जन तिच्याकडं बघून विचारतोय, सुरू करू का? भाची म्हणाली, "मावशी, मले हेच कराचं आहे. नर्सिंग घेतलं का होते नं?"

इथं नाही होत. आपल्याकडं भूल देण्याचा अधिकार डॉक्टरचा. आयसीयूत वीस वर्षं काढलेली सिस्टर असो की भुलीच्या मशीनचा नट न् नट ओळखणारा टेक्निशियन, दोघंही मदतीलाच. आयसीयू नर्सिंगमधून पुढं भूल द्यायला जाण्याचा रस्ता अमेरिकेत आहे, भारतात नाही. व्हिडिओ खोटा नव्हता, गाव दुसरं होतं.

पोरीचं चुकलं असंही म्हणवत नाही. आपल्याकडं भूलतज्ज्ञाचा तुटवडा रोज दिसतो. ग्रामीण रुग्णालयात थिएटर तयार, सर्जन तयार, बाई कळा देतेय, आणि कोणीतरी व्हरांड्यात उभं राहून भूलतज्ज्ञाला फोन लावतंय. ते दुसऱ्या गावी केसमध्ये असले की १०८ बोलवायची आणि बाईला जिल्ह्याला पाठवायचं. मग कोणालाही वाटेल, सिस्टरलाच शिकवा की. सरकारनं या अडचणीवर तोडगा काढला तो मात्र डॉक्टरांमधूनच. एमबीबीएस झालेल्यांना सिझेरियनपुरती भूल शिकवायची, सुरुवातीला १८ आठवड्यांत. नर्स त्या हिशोबात नव्हतीच.

म्हणून बारावी पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) झालेल्या मुलामुलींनी आधी एक ठरवावं: भूल द्यायची आहे, की भुलीजवळ राहायचं आहे? द्यायचीच असेल आणि विदर्भातच द्यायची असेल, तर रस्ता नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेतून जातो. एमबीबीएस साडेपाच वर्षं, मग तीन वर्षांचं एमडी किंवा त्याच तोलाचं डीएनबी. एमबीबीएसनंतर दोन वर्षांचा भुलीचा डिप्लोमाही राष्ट्रीय परीक्षा मंडळानं २०२० पासून सुरू केलाय. मार्क थोडक्यात हुकले असतील तर एक वर्ष पुन्हा द्यायला माझी ना नाही. शंभर-दीडशेनं हुकले असतील तर लातूरला नाहीतर कोट्याला क्लासमध्ये पैसे ओतण्याआधी बापाच्या सातबाऱ्याकडं एकदा बघावं.

नीट बाजूला ठेवली तर भुलीजवळ नेणारे दोन कोर्स उरतात. लोक त्यांची सरमिसळ करतात. दोघांनाही हिरवे कपडे असतात, म्हणून असेल.

पहिला बीपीएमटी, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची पॅरामेडिकल पदवी. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यात बऱ्याच शाखा आहेत: लॅब, एक्स-रे, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, आणि आपल्या कामाची ॲनेस्थेशिया टेक्निशियन. दुसरा बीएस्सी नर्सिंग, चार वर्षांचा, सीईटी देऊन. वर्षांचा हिशोब सारखाच, पण सकाळ वेगळी उजाडते.

टेक्निशियनची सकाळ मशीनपाशी सुरू होते. ऑक्सिजनचं प्रेशर, राखीव सिलिंडर, सर्किट गळतंय का, कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडालाइमचा रंग बदललाय का, सक्शन ओढतंय का, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का. श्वासाची नळी एक साइज लहान, एक मोठी, दोन्ही हाताशी. सिरिंजवर लेबल. पाठीत सुई देताना पेशंटला वाकवून धरायचं, आणि दिल्यावर बीपी घसरणार हे गृहीत धरून ते चढवणारं मेफेन्टरमाइन भरून ठेवायचं. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट पुष्कळ. असा पेशंट टेबलावर आला की थंडी वाजू द्यायची नाही, सलाईन कोमट हवं, एसी कमी हवा, ऑक्सिजन एका क्षणासाठीही खाली यायला नको. नाहीतर ऑपरेशन नीट होऊनही रक्तातल्या पेशी अडकतात आणि दुखण्याचा झटका येतो. चांगला टेक्निशियन हे डॉक्टरनं सांगायच्या आधी करून ठेवतो. मी असे दोनतीन पाहिलेत. भूलतज्ज्ञ त्यांच्याशिवाय मोठी केस घ्यायला नाखूष असतात.

यात समाधान आहे, आणि दिवसाच्या ऑपरेशनांची लिस्ट संपली की बहुधा काम संपतं. पेशंटशी संबंध मात्र तासा-दोन तासांचा. तोही तो झोपलेला असताना.

आयसीयूचं उलटं. तिथं पेशंट दिवसेंदिवस तुमचा असतो. पावसाळ्यात मण्यार चावलेला माणूस येतो. जमिनीवर झोपलेला, रात्री काही कळलंच नाही, पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला. जखम शोधून सापडत नाही. घरच्यांना वाटतं, काही खाण्यात आलं. मग पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं, आणि दुपारपर्यंत श्वास. नळी टाकून व्हेंटिलेटरवर घेतलं की वाचतो, पण कितीतरी दिवस हात हलत नाही, पापणी उचलत नाही, आणि आत मात्र सगळं ऐकू येत असतं. अशा माणसाच्या कानाशी जाऊन "भाऊ, सकाळ झाली, तुमचा पोरगा बाहेर आहे, आता सक्शन करतो, खोकला येईल" हे सांगणारी सिस्टर आणि मुकाट्यानं सक्शन करणारी सिस्टर यांत किती अंतर आहे ते तो बरा झाल्यावरच सांगतो.

तसंच फवारणीचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो भरती झाले, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळलं. आम्हा आयसीयूतल्या सिस्टरांना दरवर्षीच कळतं. अशा पेशंटला ॲट्रोपिन हे विषावरचं औषध चालू असतं. छाती कोरडी झाली का, बाहुली किती, नाडी किती, हे पुन्हा पुन्हा बघायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट शुद्धीवर, चहा मागतोय, नातेवाईक सुटीचं विचारतायत. तेव्हाच खरी पहारेदारी असते. मी प्रत्येक राऊंडला म्हणते, दादा, उशीवरून डोकं उचला बरं. डोकं उचललं गेलं नाही तर मानेचे स्नायू ढिले पडलेत, पुढं श्वासाचे पडणार. डॉक्टर तेव्हा दुसऱ्या वॉर्डात असतो. त्याला उठवून आणायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे ठरवणारी सिस्टरच. भूल न देताही माणसाचा श्वास हातात असतो तो असा.

भाचीला एवढं सांगितलं तर तिचे डोळे चमकले. मग लगेच दुसरी बाजूही सांगितली. बीएस्सी झाली म्हणजे आयसीयू मिळालं असं नाही. सरकारी नोकरीत नेमणूक साहेबांच्या हातात. दोन वर्षं प्रसूती, वर्षभर लसीकरण, मग कुठं अतिदक्षता. रात्रपाळी चुकत नाही. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा चढला की उष्माघाताच्या पेशंटांनी वॉर्ड भरतो आणि कूलरचं पाणीही आम्हीच बघतो. टेक्निशियनला यातले बरेच भोग नाहीत.

नोकऱ्यांचं गणित सरळ आहे. जाहिरात निघते तेव्हा अधिपरिचारिकेच्या, म्हणजे स्टाफ नर्सच्या, जागा शेकड्यांनी असतात, भुलीच्या टेक्निशियनच्या बोटावर मोजण्याइतक्या. राज्य सरकारी अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं. नागपूरच्या मिहानमधल्या एम्ससारख्या केंद्राच्या संस्थेत नर्सिंग ऑफिसरचं ४४,९०० पासून, आणि त्याची नॉरसेट परीक्षा देशभर एकच. एम्समध्ये ८० टक्के जागा मुलींना, हे मुलांनी धरून चालावं. कंत्राटी आरोग्य अभियानात वीस हजारांच्या आसपास. खाजगी नर्सिंग होममध्ये तर नव्या मुली दहा-बारा हजारांत राबताना मी पाहिल्यात, त्याबद्दल बोलायला बसले तर लेख तिथंच संपेल. टेक्निशियनला चांगली नोकरी मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात. तालुक्याच्या खाजगी ओटीत त्याचं काम बहुतेक वेळा डॉक्टरनं हाताशी धरून शिकवलेला गावातलाच पोरगा करतो. तो पोरगा स्वस्त पडतो. पदवीधराला तिथं कोण ठेवणार? २०२१ च्या कायद्यानं या सगळ्या टेक्निशियनांसाठी वेगळा राष्ट्रीय आयोग झाला. नोंदणी नीट लागली तर चित्र बदलेल. आज प्रवेश घेणाऱ्यानं मात्र आजचंच चित्र धरावं.

म्हणजे सिंदेवाही, धारणी, मानोरा अशा ठिकाणी, घराजवळ, काम करायचं असेल तर नर्सिंगचं पारडं जड आहे. नागपूर-पुण्यात राहायची तयारी असेल, माणसांपेक्षा यंत्रांत जीव रमत असेल, रात्री जागवत नसतील, तर टेक्निशियन व्हावं. त्यात कमीपणा काही नाही. फक्त "आता टेक्निशियन होऊ, नंतर नर्स होता येईल" असं कोणी सांगितलं तर उठून यावं. एका कोर्सची वर्षं दुसऱ्यात धरत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून.

नर्सिंगमध्ये पुढं शिकायचं म्हटलं तर एक चांगली गोष्ट झालीय. भारतीय नर्सिंग परिषदेनं क्रिटिकल केअरमधली नर्स प्रॅक्टिशनरची दोन वर्षांची निवासी पदव्युत्तर पदवी आणली आहे. बीएस्सी आणि वर्षभराचा कामाचा अनुभव लागतो. व्हेंटिलेटर, रक्तातल्या वायूंचे रिपोर्ट, तातडीची औषधं, हे सगळं ठरलेल्या नियमावलीत राहून स्वतः सांभाळायला शिकवतात. भूल त्यातही नाही. आणि या पदवीचं नाव घेऊन निघालेली राज्य सरकारची जाहिरात माझ्या वाचनात अजून आली नाही. ज्ञान वाढेल, खुर्ची तीच राहील, हे धरून जावं. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्यांना आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करावं लागतं.

आता तो व्हिडिओ. अमेरिकेत भूल देणारी नर्स व्हायला आधी तिथली नोंदणीकृत नर्स असावं लागतं, मग किमान वर्षभर क्रिटिकल केअरचा अनुभव, मग तीन वर्षांच्या आसपासचा कोर्स. २०२२ पासून प्रवेश घेणाऱ्या सगळ्यांसाठी तो डॉक्टरेट पातळीचा. त्या काळात नोकरी जवळपास अशक्य, खर्च लाख डॉलरच्या पुढं सहज जातो. कमाई वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर, म्हणून कर्ज फिटतं. तिथल्या खेड्यांत पुष्कळ दवाखाने याच नर्सांवर चालतात. २००१ साली आयोवा राज्यानं, भूल देणाऱ्या नर्सवर डॉक्टरची देखरेख हवीच ही केंद्र सरकारची अट सर्वांत आधी सोडवून घेतली, पुढं वीसहून जास्त राज्यांनी. आयोवा म्हणजे मका आणि सोयाबीनचा मुलूख. सोयाबीन आपल्याकडंही आहे, अट मात्र आपल्याकडं सुटलेली नाही.

इथून तिथं जायचं तर बीएस्सी, दोन-तीन वर्षं खरंखुरं आयसीयू, इंग्रजीची परीक्षा, तिथल्या नर्सिंग परवान्याची एनक्लेक्स परीक्षा, आणि मग ग्रीन कार्डची रांग. भारतात जन्मलेल्या नर्सांसाठी ती दहा वर्षांहून लांब आहे. तिथं पोचल्यावर तिथल्या आयसीयूत वर्ष-दोन वर्षं, मग प्रवेश. भाची आज अठराची. सगळं सुरळीत झालं तरी पहिली भूल देईल तेव्हा चाळिशीच्या जवळ असेल. आणि तोपर्यंत विदर्भ सुटलेला असेल, कारण तिथला भुलीचा परवाना घेऊन इथल्या ग्रामीण रुग्णालयात भूल देता येत नाही. जायचंच असेल तर जा म्हणावं, मी अडवणारी कोण. पण गावाची सेवा म्हणून हा रस्ता धरू नये. सेवा होईल ती आयोवाची.

या रस्त्यावर टेक्निशियनच्या पदवीचा मात्र उपयोग नाही, नर्सच लागते. त्यामुळं दार उघडं ठेवायचं असेल त्यांनी नर्सिंगच घ्यावं.

कॉलेज निवडताना वसतिगृहाच्या फरशा बघू नका. भारतीय नर्सिंग परिषद, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि विद्यापीठ, तिघांची मान्यता त्या वर्षीची आहे का ते बघा. मग विचारा, पोस्टिंग कुठं असते, तिथल्या आयसीयूत खाटा किती, व्हेंटिलेटर चालू किती. मी एका कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुली पाहिल्यात, त्यांनी व्हेंटिलेटर चित्रातच पाहिला होता. फी मात्र पूर्ण भरली होती. त्यापेक्षा सेवाग्रामसारखं, ज्या कॉलेजमागं खरोखर भरलेलं रुग्णालय आहे असं ठिकाण, किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं कॉलेज, पहिल्या पसंतीला लिहावं.

भाचीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मावशी, रात्री डोकं उचला म्हणून तू सांगते, ते पेशंट ऐकतात का?" मी म्हटलं, नव्वद टक्के चिडतात. ती हसली. आईला म्हणाली, नर्सिंगचा फॉर्म भरू. मी तिला आधी सेतूत पाठवलं. नॉन-क्रिमिलेअर आणि डोमिसाईल काढून ठेव, जात वैधतेची फाईल टाक, जूनमध्ये तिथं पाय ठेवायला जागा नसते.