वेबसाइट आमची, चावी त्यांची

ठाण्याच्या नौपाड्यात आमचं घरगुती फराळाचं छोटं दुकान आहे. परदेशी पाठवायच्या फराळाची चौकशी दिवाळीच्या दीड-दोन महिने आधी सुरू होते आणि हल्ली लोक गुगलवर शोधूनच फोन करतात. म्हणून गेल्या जूनमध्ये वेबसाइट करून घेतली. त्यात ८१,००० रुपये गेले आणि अख्खा हंगाम गेला.

वागळे इस्टेटमधल्या एका एजन्सीचा मुलगा आला होता. मी वर्डप्रेसचं, म्हणजे साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरचं, विचारलं तर म्हणाला, "ताई, ते फुकटचं असतं, गुगलवर चालत नाही. आमचं स्वतःचं सीएमएस आहे, एसईओ आतच बसवलेलं. तीन महिन्यांत पहिल्या पानावर, लेखी गॅरंटी." सीएमएस म्हणजे साइटवरचा मजकूर टाकायचं-बदलायचं सॉफ्टवेअर, आणि एसईओ म्हणजे गुगलच्या शोधात साइट वर यावी म्हणून करायचं काम. वर्डप्रेसही सीएमएसच, २००३ पासून आहे, त्यावर चांगल्या चालणाऱ्या असंख्य साइट आहेत. आणि पहिल्या क्रमांकाची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलनेच लिहून ठेवलंय. मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. 'लेखी' म्हटल्यावर विश्वास बसला. साइटचे ४५,००० आणि पुढे दरमहा ६,००० ठरले.

ऑगस्टमध्ये त्याने दुकानात बसून स्वतःच्या मोबाइलवर 'ठाणे फराळ परदेशी' असं शोधून दाखवलं. सगळ्यात वर आम्ही! सासूबाईंनी त्याच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. आमच्या नावाच्या वर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं, ते आमच्यापैकी कुणी वाचलं नाही. ती पैसे भरून लावलेली जाहिरात होती. पुढच्या आठवड्यात बंद झाली.

सप्टेंबर कोरडा गेला. ऑक्टोबरमध्ये ऐरोलीची पुतणी आली, ती कॉम्प्युटर शिकते. तिने गुगलमध्ये इंग्रजीत 'साइट', पुढे कोलन आणि लगेच आमच्या साइटचा पत्ता टाकला. असं टाकलं की साइटची कुठली पानं गुगलच्या यादीत आहेत ते साधारण कळतं. ३८ पानांपैकी एकच दिसलं, पहिलं. मग चकलीच्या पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडून तिने एका ओळीवर बोट ठेवलं: 'नोइंडेक्स'. "काकू, गुगलला सांगितलंय, हे पान यादीत घेऊ नको." साइट तयार होत असताना लावतात ती ओळ, नंतर कुणी काढलीच नव्हती. चार महिने एसईओचे पैसे घेतले, आणि आमच्याच चकलीला दार बंद!

प्रत्येक पानाचं शीर्षक एकच होतं, फक्त दुकानाचं नाव. ते बदलायची सोय आमच्या लॉगिनमध्ये नव्हती. सांगितलं तर एका बदलाचे ५०० रुपये. दर महिन्याच्या अहवालात '४० कीवर्ड टाकले' असं यायचं. ते कीवर्ड, म्हणजे शोधाचे शब्द, पानाच्या कोडमधल्या, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या मेटा टॅगमधले होते. क्रमवारीसाठी तो टॅग आम्ही वापरत नाही, असं गुगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.

नोव्हेंबरचा हप्ता देऊन मी काम थांबवलं, तेव्हा खरा फास कळला. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्यांच्या नावावर. मजकूर बाहेर काढायची सोय नाही. डोमेन सोडायचे २५,००० मागितले. मी दिले नाहीत. पुतणीने नवीन डोमेन माझ्या नावावर घेतलं आणि आम्ही दोघींनी ३८ पानं हाताने वर्डप्रेसवर चढवली. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट लावता आलं असतं तर जुन्या लिंकवरून येणारं गिऱ्हाईक आपोआप इकडे आलं असतं. पण जुना पत्ता हातात नाही.

परवा राम मारुती रोडवरच्या साडीवाल्या ताईंनी मला कोटेशन दाखवलं. त्यातही 'स्वतःचं सीएमएस', 'लेखी गॅरंटी'. त्यांना सांगितलं तेच इथे सांगते. पैसे द्यायच्या आधी डेमो लॉगिन मागा आणि स्वतः बसून एका पानाचं शीर्षक, वर्णन आणि पत्ता बदलून बघा. साइटमॅप, म्हणजे गुगलला द्यायची सगळ्या पानांची यादी, निघतो का, रीडायरेक्ट लावता येतं का, सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवता येतो का, हे विचारा. डोमेन आणि सर्च कन्सोल तुमच्याच ईमेलवर घ्या. सर्च कन्सोल हे गुगलचंच साधन, फुकट आहे आणि कुठलं पान गुगलने घेतलं, कुठलं का घेतलं नाही, ते त्यात कळतं. ते द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तिथेच उठा.

आमच्या ६०० खोक्यांवर अजून जुना पत्ता छापलेला आहे. रोज रात्री त्यावर नवीन चिठ्ठ्या चिकटवतो. जुन्या डोमेनची मुदत जूनमध्ये संपते. ती तारीख मी कालनिर्णयवर लाल पेनने लिहून ठेवली आहे.