ग्लायडर वर न्यायला टो प्लेन की विंच? खान्देशात क्लब काढू पाहणाऱ्यांसाठी हिशेब

ज्यांच्या घरचा ट्रॅक्टर भाड्याने जातो, त्यांना टो प्लेनचा हिशेब लगेच कळेल. डिझेल सगळ्यांना दिसतं. हप्ता, विमा आणि हंगाम संपल्यावर शेडमध्ये उभा असलेला ट्रॅक्टर कुणी मोजत नाही.

ग्लायडरला इंजिन नसतं. एक तर विमानाला दोर बांधून त्याला वर ओढायचं, म्हणजे टो. नाही तर जमिनीवरच्या विंचने केबल गुंडाळत पतंगासारखं चढवायचं. पुण्यात हडपसरला वर्षानुवर्षं विंचच चालत आला आहे.

आधी इंधन. पायपर पॉनीसारखं 235 अश्वशक्तीचं विमान ग्लायडरला 600 मीटरवर सोडून परत उतरेपर्यंत आठ-दहा मिनिटं घेतं आणि साधारण 7-8 लिटर पितं. तेही अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानांचं खास पेट्रोल. इंडियन ऑइलने 2022 पासून ते वडोदऱ्याला बनवायला घेतलं, त्याआधी सगळं परदेशातून यायचं. विंचला एका उड्डाणाला लिटरभरही पुरतं.

पण टो प्लेन महाग पडतं ते इंधनामुळे नाही. समजा विमा, हँगर, वार्षिक तपासणी, इंजिनिअरचा पगार मिळून वर्षाला 12 लाख लागतात. वर्षात 1200 टो झाले तर प्रत्येकावर 1000 रुपये बसतात. 200 झाले तर 6000, आणि अजून टाकीत थेंब घातलेला नाही. नव्या क्लबचं पहिलं वर्ष 200 च्याच आसपास जाईल असं धरून चाला.

त्यात इंजिनची झीज. पूर्ण ताकदीने चढायचं आणि ग्लायडर सुटला की लगेच खाली यायचं, हे दिवसभर. तापलेल्या सिलिंडरवर एकदम गार वारा बसला की तडे जाऊ शकतात. म्हणून जाणता टो पायलट थ्रॉटल एकदम ओढत नाही. थोडा मागे घेतो, तापमानाच्या काट्याकडे बघतो, मग अजून थोडा. या दोन मिनिटांचं इंधन वाया गेलं असं हिशेबनीसाला वाटतं. खरं तर तिथेच ओव्हरहॉलचे लाखो रुपये वाचतात.

आपल्याकडचा उन्हाळा हा वेगळाच मुद्दा आहे. धुळे समुद्रसपाटीपासून सुमारे 250 मीटरवर. पारा 43 वर गेला की तिथली हवा 1300 मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. विमान रडतखडत चढतं, टो लांबतो, बिल वाढतं. म्हणजे काळ्या जमिनीवरून थर्मल (तापलेल्या हवेचे वर चढणारे झोत) सगळ्यात जोरदार उठतात, त्याच महिन्यांत टो सगळ्यात महाग. विंचलाही उष्णता जाणवते, पण कमी. हजार मीटर केबलवर तो ग्लायडरला 350-400 मीटरवर नेतो, तेही मिनिटाच्या आत. एवढ्या उंचीवर थर्मल सापडला तर पुढचं काम तोच करतो.

रोटॅक्स इंजिनाच्या मोटरग्लायडरने (स्वतःचं छोटं इंजिन असलेल्या ग्लायडरने) स्वस्तात टो करू, असंही कुणी सुचवेल. तो तासाला वीसेक लिटरच पितो हे खरं. पण रोटॅक्स 912 ला 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं आणि पंपावर आता 20 टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. शिवाय मे महिन्यात दोन माणसं बसलेला ग्लायडर ओढताना त्याचा जीव अपुरा पडेल.

मग टो प्लेन घ्यावंच कधी? धावपट्टी सामायिक असेल तेव्हा. धुळ्याजवळ गोंदूरच्या विमानतळावर, जळगावला प्रशिक्षणाची विमानं चढत-उतरत असतात. तिथे पट्टीवर केबल पसरून बसणं कुणालाच परवडणार नाही. पावसाळ्यात तर केबल परत आणणारी जीप पट्टीबाहेर उतरली की चाक रुतलंच. आणि टो थेट सातपुड्याकडे नेऊन सोडू शकतो, विंच नाही.

जोखीम दोन्हीकडे आहे. विंचची केबल तुटू शकते, त्याचा सराव विद्यार्थ्याकडून घोटून घेतात. टोमध्ये ग्लायडर फार वर गेला तर विमानाची शेपटी उचलली जाते आणि जमिनीजवळ ते सावरत नाही. म्हणून उड्डाणाचे तास वाढवायला आलेला नवखा पायलट फुकटात मिळतो, एवढ्यासाठी त्याला टो प्लेनवर बसवू नका. ही बचत मला अजिबात मान्य नाही.

स्वतःची बाराशे मीटर सलग जमीन असेल तर माझं मत स्पष्ट आहे: विंच घ्या, आणि टो प्लेनचा विचार वर्षाला हजार उड्डाणं होऊ लागल्यावर करा. जमीन बघायला एप्रिलमध्ये भर दुपारी जा. नांगरटीवर घारी कुठून गोल फिरायला लागतात ते बघा. चारशे मीटरच्या खालीच त्यांनी पंख न हलवता चढायला सुरुवात केली, तर विंच पुरेल.