ईकोर्ट ॲप: तारखेला झकास, पण शिक्क्याची नक्कल वेगळीच असती बरं का

आमचा वाटणीचा दावा लागला तेव्हा मी सातवीत होतो, आता माझी पोरगी सातवीत हाय. काका दर तारखेला बीडशेडकडनं एसटीनं रंकाळ्याला उतरायचे, तिथनं केएमटीनं कसबा बावड्याला, कोर्टात जाऊन बोर्ड बघायचं आणि कळायचं की साहेब रजेवर हायत, पुढची तारीख अमुक. ती कालनिर्णयवर पेन्सिलीनं लिहायची. एका पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन कालनिर्णयचा लगदा झाला, तारीख गेली, वकील फोन उचलंनात, तेव्हा कुठं मी ईकोर्ट्स सर्व्हिसेसचं ॲप टाकलं. फुकट हाय.

यात सगळी किल्ली सीएनआर नंबर. १६ अक्षरं-आकड्यांचा, एका केसला एकच, म्हणजे दाव्याचा आधार नंबरच म्हणा की. तो नसंल तर केस नंबर आणि साल टाका, नाहीतर पक्षकाराच्या नावानं शोधा, पण नावानं शोधायला बसलात तर चहा घेऊन बसा. आडनाव पाटील, जिल्हा कोल्हापूर, आता सांगा काय यादी येणार. वर आमच्या दाव्यात काकांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग कुणीतरी आपल्या मनानं केलेलं, मी तासभर बरोबर स्पेलिंगनं शोधत बसलो. शेवटी नावाची पहिली चारच अक्षरं आणि दाव्याचं साल टाकलं तर लगेच घावलं.

आणि मग जे उघडलं ते बघून काका गप्पच. पुढची तारीख, कुणाच्या कोर्टात, केस कुठल्या स्टेजला, मागच्या सगळ्या तारखा ओळीनं, तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी काय झालं तेबी. निशाणी ५ वरचा हुकूम, म्हणजे दावा चालू असताना मागितलेल्या मनाईच्या अर्जावरचा, काकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचला तो माझ्या मोबाईलवर, चष्मा कपाळावर सरकवून, स्क्रीन नाकाला लावून. तोवर वकील सांगतील तेवढंच खरं होतं. माझ्या मते चार स्टार इथंच वसूल.

आता पाचवा का नाही, तर त्यात चूक माझीच. निकाल लागला, मी पीडीएफ काढली, रंगीत प्रिंट मारली आणि एका कार्यालयात घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी कागद उलटा करून मागं बघितलं, शिक्का कुठाय म्हणाल्या. ॲपवरचा कागद माहितीपुरता असतो हे तेव्हा डोक्यात शिरलं. कामाला लागती ती सही-शिक्क्याची नक्कल, त्यासाठी कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टँप. तुम्ही दाव्यात पक्षकार असाल तर सोपं हाय, बाहेरचे असाल तर का पाहिजे ते सांगावं लागतं.

अर्ज लगेच टाका हां, कारण दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपिलाला मुदत ३० दिवसांची. नक्कल मिळायला जे दिवस लागतात ते मुदत कायदा १९६३ च्या कलम १२ नं त्यातनं वगळतात, पण अर्जच उशिरा टाकला तर मधले दिवस तुमच्याच अंगावर.

आणखी एक घोळ बरेचजण करतायत. १८ ऑगस्ट २०२५ पासनं कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे हायकोर्टाच्या केसेस इथंच चालवणारं बेंच, चालू झालंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचं. तिथली केस ॲपमध्ये जिल्हा कोर्टाच्या भागात शोधत बसू नका, हायकोर्टाचा भाग वेगळा हाय. आणि अपील टाकलं की त्याला सीएनआर नवा पडतो, जुन्यावर पुढची तारीख दिसणार नाही.

काकांच्यासारखा बटणाचा फोन असंल तर इंग्रजीत ईकोर्ट्स, मग स्पेस, मग सीएनआर असा मेसेज ९७६६८९९८९९ वर टाकायचा, केसचं स्टेटस मेसेजनंच येतं.