मेंदूचा स्कॅन: पेट की स्पेक्ट?

परळला न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषध देऊन स्कॅन काढणाऱ्या विभागात, काम करताना नातेवाइकांचा एक प्रश्न रोज कानावर येतो: "महागातला पेटच करून टाकू का?" पेट आणि स्पेक्ट हे दोन्ही असेच स्कॅन: शरीरात गेलेल्या औषधातून निघणारे किरण टिपून ते मेंदूचं काम दाखवतात. आजार कोणता, त्यावर माझं उत्तर बदलतं.

विस्मरण असेल तर पेट. त्यात एफडीजी टोचतात, म्हणजे फ्लोरिन-१८ जोडलेली किरणोत्सारी साखर. मेंदूचा कुठला भाग ती कमी घेतोय यावरून अल्झायमर आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (मेंदूच्या पुढच्या आणि कानाजवळच्या भागांचा ऱ्हास) वेगळे ओळखता येतात. नेहमीचा पेट ४ ते ६ मिलिमीटरचा तपशील दाखवतो, स्पेक्ट साधारण ८ ते १०. स्पेक्टच्या गॅमा कॅमेऱ्यापुढे शिशाची जाळी असते, तिच्यातून दहा हजारांतला जेमतेम एखादा किरण पार होतो. पेटला जाळी लागत नाही. एकाच क्षणी समोरासमोर पोचलेले दोन किरण तो जोडीनं पकडतो.

आकडी येत असेल तर मात्र स्पेक्टला तोड नाही. झटका सुरू होताच टेक्निशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचं इंजेक्शन दिलं, की औषध मिनिटा-दोन मिनिटांत मेंदूत रुतून बसतं. रुग्णाला तासाभरानं कॅमेऱ्याखाली नेलं, तरी चित्र झटक्याच्या वेळचंच येतं. एफडीजी मुरायला अर्धा तास लागतो. तोवर झटका ओसरलेला असतो. हात थरथरण्यामागे कंपवात आहे का, एवढंच पाहायचं असेल तर ट्रोडॅट स्पेक्ट (मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी दाखवणारा) बहुधा पुरतो.

शिवाय फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटांचं, म्हणजे तेवढ्यात ते निम्मंच उरतं. ते बनवणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्राकडून निघालेली गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की डोस वाटेतच आटतो. टेक्निशियमला ६ तास मिळतात, आणि ते विभागातल्याच टेक्निशियम-जनरेटर नावाच्या उपकरणातून काढता येतं.

नवं मशीन घ्यायचं असेल तर? पेटमधले ते दोन किरण तंतोतंत सरळ रेषेत जात नाहीत. किरण टिपणाऱ्या क्रिस्टलच्या ८० सेंटिमीटर व्यासाच्या कड्यात तेवढ्यानंच पावणेदोन मिलिमीटरचा धूसरपणा येतो. म्हणून फक्त डोक्यासाठी लहान कडं बनवतात. त्यात किरण तिरके शिरतात, त्यामुळे ते क्रिस्टलमध्ये किती खोल थांबले हेही मोजावं लागतं. येल आणि यूसी डेव्हिस या अमेरिकी विद्यापीठांनी युनायटेड इमेजिंग कंपनीबरोबर बनवलेला असा डोक्याचा पेट, न्यूरोएक्स्प्लोरर, २ मिलिमीटरच्याही खाली पोचतो. तरीही आपल्याकडे पेटची रांग मुख्यतः कॅन्सरची, त्यामुळे टाइम-ऑफ-फ्लाइट (दोन किरणांच्या पोचण्यातला वेळेचा फरक मोजण्याची सोय) असलेला डिजिटल फुल-बॉडी पेटच मी सुचवीन. डोक्याची हालचाल सुधारणारं सॉफ्टवेअर त्यासोबत घ्याच. आजोबांनी मान वळवली की बारीक तपशील गेलाच.

एफडीजीसाठी आलात तर इंजेक्शननंतर अर्धा तास रुग्णाशी बोलू नका, मोबाइल देऊ नका. ऐकलं-पाहिलं की मेंदूचे तेवढे भाग साखर जास्त ओढतात.